गोरक्ष टप्प्याच्या पुढे

आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात कोणी फिरकत नाही. बावीस मजले, दोन लिफ्ट, त्यामुळे जिना फक्त आग लागली तर वापरायचा, तसा बोर्डच लावलाय खाली. गेल्या हिवाळ्यात मात्र आम्ही दोघं नवरा-बायको रोज पहाटे साडेपाचला त्या जिन्यात असायचो. वॉचमनला बरेच दिवस वाटत होतं की यांच्या घरात रोज भांडण होतं आणि म्हणून हे दोघं बाहेर पडतात. एकदा त्याने हळूच विचारलंसुद्धा, "काका, सब ठीक है ना?"

सब ठीक होतं. आम्ही गिरनारची तयारी करत होतो.

हिशेब सांगतो. एकतीस वर्षं ठाण्याच्या टीएमटी बसवर कंडक्टर होतो, हिशेब सुटत नाही. आमच्या जिन्याला एका मजल्याला अठरा पायऱ्या. बावीस मजल्यांच्या झाल्या ३९६. गुजरातमधल्या गिरनार डोंगराला खालपासून गुरुशिखरापर्यंत, म्हणजे दत्तगुरूंच्या पादुकांपर्यंत, ९,९९९ पायऱ्या असं सगळे सांगतात, तोंडी दहा हजारच म्हणतात. म्हणजे आमचा जिना पंचवीस वेळा चढला तरी ९९ पायऱ्यांची तूट येते. हे मी हिला वहीत मांडून दाखवलं. ती म्हणाली, "तूट तुमच्याकडून भरून घेतील." तिकिटाच्या हिशेबात तूट आली की कंडक्टरच्या खिशातून जाते, हे तिला इतक्या वर्षांत पाठ झालंय.

आता जे सांगायचंय ते सांगून टाकतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

मी गिरनारला याआधी एकदा जाऊन आलो होतो. २०१८ च्या डिसेंबरात. डेपोतले आणि वर्तकनगरातले मिळून चौदा जण होतो. बोरिवलीहून वेरावळच्या गाडीत बसलो, पहाटे जुनागढला उतरलो, दिवसभर भवनाथ तळेटीला, म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी, धर्मशाळेत झोपलो आणि रविवारी रात्री अकराला चढायला लागलो. रविवारी रात्री अशासाठी, की सोमवारी सकाळी वर कमंडलू कुंडापाशी धुनी पेटते, ती सगळ्यांना गाठायची होती. तेव्हा रोपवे नव्हता. हातात काठी, खांद्याला झोळी, कपाळाला बॅटरी आणि तोंडाने "जय गिरनारी".

माझा अंदाज असा, की जो माणूस तीस वर्षं हलत्या गाडीत उभा राहिला त्याला पायऱ्यांचं काय. हा अंदाज साफ चुकला. उभं राहणं वेगळं आणि चढणं वेगळं. दोन हजार पायऱ्यांपर्यंत मी लोकांना हसवत होतो, "पुढे चला, पुढे जागा आहे." साडेतीन हजाराला गप्प झालो. अंबामातेच्या देवळापाशी, म्हणजे साधारण अर्ध्यावर, पहाटे तीनला चहा घेतला तेव्हा पोटऱ्यांत गोळे यायला लागले होते. तिथून गोरक्षनाथांच्या शिखरापर्यंत कसा गेलो ते मला आठवत नाही. वारा असा, की बोलायला तोंड उघडलं की शब्द मागच्या माणसाच्या अंगावर.

गोरक्ष शिखर हे गिरनारचं सगळ्यांत उंच टोक, अख्ख्या गुजरातमधलं सगळ्यांत उंच. गंमत अशी, की दत्तगुरूंच्या पादुका तिथे नाहीत. त्या समोरच्या वेगळ्या सुळक्यावर. म्हणजे इतकं चढून आल्यावर पुन्हा खाली उतरायचं, मग तो सुळका चढायचा, आणि येताना सगळं उलट. ज्याने हे रचलं त्याला माणसांची चांगली ओळख असणार.

आमचे म्होरके म्हणाले, धुनीला उशीर होतोय. मी म्हणालो, "तुम्ही व्हा पुढे, मी येतो मागून." ते गेले. मी भिंतीच्या आडोशाला शाल गुंडाळून बसलो, जरा वेळाने उठू म्हणून. उजाडलं. समोर तो सुळका दिसला, टोकावर इवलंसं देऊळ, आणि त्याच्या अंगावरून पायऱ्यांची रेघ. त्या रेघेवर माणसं मुंग्यांसारखी. मी बसल्या जागेवरून हात जोडले. उठलो मात्र नाही.

नऊच्या सुमारास मंडळी परत आली. एकाने माझ्या हातात अंगाऱ्याची पुडी ठेवली. कोणी काही विचारलं नाही, कोणी घरी काही सांगितलंही नाही. ड्रायव्हर-कंडक्टर एकमेकांच्या गोष्टी पोटात ठेवतात, ती आमच्या खात्याची जुनी रीत.

घरी आलो. दारातच हिने विचारलं, "झालं दर्शन?"

मी म्हणालो, "झालं."

समोरून झालंच होतं की. पण ती विचारत होती ते दर्शन हे नव्हे, हे मला कळत होतं. तिने पुडी देव्हाऱ्यात ठेवली, अंगारा शेजारीपाजारी वाटला, पेढे आणले. त्या दिवसापासून मी बिल्डिंगमध्ये "गिरनार केलेले" झालो. लोक विचारायला यायचे. मी सांगायचो, काठी घ्याच, लिंबू आणि मीठ जवळ ठेवा, पहिल्या हजार पायऱ्यांत जोर करू नका. गोरक्ष शिखरापर्यंत मी सांगायचो ते सगळं माझं. पुढचं मात्र इतरांच्या तोंडचं ऐकून. तिकीट गुरुशिखराचं, उतरलो एक टप्पा आधी, आणि बढाई शेवटच्या स्टॉपची.

माझी रिटायरमेंट २०२१ ला झाली. पोरीचं लग्न उरकलं, नातू झाला, तो चालायला लागला. मग एक दिवस ही भाजी निवडता निवडता म्हणाली, "आता मला गिरनारला न्या. तुम्हाला रस्ता माहीत आहे."

या शेवटच्या वाक्यावर मी पुरता अडकलो. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "जाऊ की. पण गुडघ्याचं काय?"

गुडघ्याचं आम्ही वर्तकनगरातल्या एका फिजिओथेरपीवाल्या मुलीला विचारलं. तिने एक गोष्ट सांगितली ती माझ्या कामाची वाटली, म्हणून लिहून ठेवतो. चढताना दम लागतो, म्हणून आपण सगळे चढायची प्रॅक्टिस करतो. गुडघा मात्र उतरताना जातो. उतरताना अख्खं वजन मांडीच्या पुढच्या स्नायूंनी धरून ठेवायचं असतं, ते थकले की भार गुडघ्यावर येतो. "काका, तुम्ही जिना चढून लिफ्टने खाली येता ना? उलटं करा." तोपर्यंत आम्ही अगदी तेच करत होतो.

मग उतरायलाही लागलो. सुरुवातीला दिवसाला एक फेरी, डिसेंबर संपेपर्यंत पाच. जिना रोज बघून पाठ झाला. चौथ्या मजल्यावर चपलांचं रॅक, त्यात अकरा जोड, घरात माणसं तीन. सातव्यावर एका चाकाची सायकल. अकराव्यावर पहाटेच लसणाच्या फोडणीचा वास, कोणाच्या तरी फर्स्ट शिफ्टचा डबा. सोळाव्यावर सिगरेटची थोटकं (कोणाची ते मला माहीत आहे, पण त्याच्या आईला माहीत नाही). एकोणिसाव्यावर जुन्या गणपतीचं मखर, पुढच्या वर्षी लावू म्हणून ठेवलेलं. बाविसाव्यावर गच्चीचं दार. तिथे उभं राहिलं की एका बाजूला येऊरचे डोंगर अजून काळे, आणि दुसरीकडे खाडीपलीकडे पारसिकच्या मागे उजाडायला लागलेलं. ही रोज तिथे हात जोडायची. मी विचारलं, कोणाला? म्हणाली, "जो असेल त्याला. वर आलोय तर मोकळ्या हाताने कशाला जायचं."

रविवारी उपवनच्या गेटवरून येऊरला, पाटोणापाड्यापर्यंत. एकदा विरारला जीवदानीला जाऊन आलो, तेराशेच्या वर पायऱ्या आहेत. तिथे तर आता वर न्यायला गाडीही आहे. हिने त्या गाडीकडे बघितलंसुद्धा नाही, पण गिरनारच्या रोपवेचा विषय निघाला तेव्हा मात्र लगेच म्हणाली, "पहिले पाच हजार रोपवेने. पुढचे पाच हजार मी देवाला देते. मला वाटेत मरायचं नाही, पादुकांना हात लावायचाय."

गिरनारचा रोपवे २४ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाला. तळेटीपासून अंबामातेपर्यंत दोन किलोमीटरच्या वर. त्यावरून आमच्याकडच्या दत्तभक्तांत दोन तट आहेत. पायी गेलात तरच वारी, असं एक म्हणतात, आणि दुसरे गप्प बसून तिकीट काढतात. माझं मत कंडक्टरचं. ज्याच्याकडे तिकीट तो प्रवासी. उभा आला का बसून आला हे आम्ही विचारत नाही.

जानेवारीत निघालो. पौर्णिमा मुद्दाम टाळली, पौर्णिमेला महाराष्ट्रातून इतकी माणसं येतात की पायऱ्यांवर मराठीच ऐकू येते. ठाण्याहून बोरिवलीला घोडबंदर रोडने बस, माझ्या ओळखीच्या पोराची ड्युटी होती, त्याने हिला खिडकी दिली. दुसऱ्या दिवशी भवनाथला पोहोचून देवळात जाऊन आलो आणि संध्याकाळी पायऱ्या सुरू होतात तिथपर्यंत फिरायला गेलो. तिथे डोलीवाले असतात. डोलीचा दर माणसाच्या वजनावर ठरतो, म्हणून चक्क काट्यावर बसवून वजन करतात. एका जाडजूड गृहस्थांचं वजन चाललं होतं, भोवती सात-आठ माणसं आकडा बघायला. मी म्हणालो, "विचारू का, अंबेपासून पुढे डोली मिळेल का?" ती म्हणाली, "सगळ्यांदेखत माझं वजन? त्यापेक्षा मी गुडघे टेकत जाईन." विषय तिथे संपला. डोलीवाल्यांकडे मात्र बघत राहावंसं वाटतं. आपण मोकळ्या अंगाने धापा टाकतो, आणि ही माणसं खांद्यावर दुसऱ्याचं वजन घेऊन त्याच पायऱ्या रोज चढतात.

तिथेच चहाच्या टपरीवर एका म्हाताऱ्या गुजराती काकांनी एक गोष्ट सांगितली, आणि नंतर घरी येऊन पोरीकडून ती तपासून घेतली, खरी निघाली. या पायऱ्या एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जुनागढ संस्थानाने लॉटरी काढून, तिच्या पैशातून बांधायला घेतल्या. म्हणजे तिकिटं विकून! मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. कोणीतरी कंडक्टरसारखाच गावोगाव तिकिटं फाडत फिरला असणार, तेव्हा हे दगड बसले. ही म्हणाली, "चला, म्हणजे तुमच्या धंद्यातलंच कोणीतरी."

सकाळी रोपवेच्या पहिल्या-दुसऱ्या पाळण्यात बसलो. पाच वर्षांपूर्वी मला चार तास लागले होते, आता आठ मिनिटं. मी खाली बघत होतो, पायऱ्यांची ती रेघ झाडीतून वर येताना, आणि मला माझी बसायची जागा सापडते का बघत होतो. नाही सापडली. हिने डोळे मिटले होते आणि "दिगंबरा दिगंबरा" चाललं होतं. भीतीने की भक्तीने ते विचारलं नाही.

अंबामातेचं दर्शन घेऊन पुढे निघालो. आता मी वाटाड्या. "इथून जरा उतार आहे, मग चढ, मग तो वळणाचा कठडा येईल, तिथे वारा फार, ओढणी बांधून घे." सगळं बरोबर निघत होतं. येणारी-जाणारी माणसं "जय गिरनारी" म्हणत होती, मीही म्हणत होतो, जरा जास्तच मोठ्याने. पायऱ्यांवर मधे मधे आकडे रंगवलेले असतात, ते मी तिला वाचून दाखवत होतो. तिचा गुडघा कुरकुरत होता, पण चालत होता. माझाही.

गोरक्ष शिखरावर आलो. नाथांच्या धुनीला नमस्कार केला. बाहेर येऊन बसलो, आणि बसल्यावर लक्षात आलं, भिंत तीच. समोर सुळका तोच, टोकावर देऊळ तेच. हिने पहिल्यांदाच ते बघितलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग पाण्याची बाटली काढली आणि विचारलं, "आता उतरायच्या किती आणि चढायच्या किती?"

साधा प्रश्न. सकाळपासून प्रत्येक टप्प्याचा आकडा मी विचारायच्या आत दिला होता. मी म्हणालो, "आहेत... बऱ्याच."

"बऱ्याच म्हणजे?"

"उतरल्यावर दोन कमानी लागतात. एक गुरुशिखराची, एक कमंडलू कुंडाची."

"हे मला पण माहीत आहे, हे मला शेजारच्या वहिनींनी सांगितलंय. पायऱ्या किती?"

मी सांगून टाकलं. इथे बसलो होतो. या भिंतीला टेकून. पुढे गेलो नाही.

मला वाटलं होतं रडेल, किंवा म्हणेल खोटं कशाला बोललात, किंवा देवाच्या बाबतीत असं करतात का. पाच वर्षं मी या सगळ्याची उत्तरं तयार ठेवली होती. ती माझ्याकडे बघत राहिली आणि कपाळावर हात मारून म्हणाली, "अहो, मग मी कुणाच्या भरवशावर निघाले? पाणी किती घ्यायचं, डबा किती घ्यायचा, स्वेटर लागेल का, सगळं तुम्हाला विचारून केलं मी! आणि तुम्हालाच रस्ता माहीत नाही?"

"पुढचा नाही."

"मग पुढचाच तर हवा होता!"

शेजारी पुण्याकडचं एक जोडपं बसलं होतं, ते हसू दाबत होतं. तिने बाटलीचं झाकण लावलं, काठी उचलली. "उठा. आता दोघंही नवे." आणि माझ्या पुढे चालायला लागली. दिवसभर ती माझ्या मागे होती, तिथून पुढे शेवटपर्यंत पुढे.

त्या उताराबद्दल काय सांगू. पायऱ्या उभ्या, अरुंद, दोन्ही बाजूंनी वारा, आणि प्रत्येक पायरी उतरताना मनात येतं की ही परत चढायचीय. आकडे बघायचं मी सोडून दिलं. आयुष्यात पहिल्यांदा हिशेब ठेवला नाही, म्हणून इथे आकडा नाही. ही समोरून येणाऱ्या प्रत्येकाला विचारायची, "दादा, अजून किती?" आणि प्रत्येक जण सांगायचा, "बस, दहा मिनिटं." गुजराती असला तर "बस, आवी गयुं." पहिल्या दहा मिनिटांनंतर तासाभराने पण दहाच मिनिटं होती. मीही लोकांना पाच वर्षं असंच सांगत आलो, तेव्हा बोलायला तोंड नव्हतं.

वर पोहोचलो. जागा लहान, चार पावलांची. पादुका, मागे दत्तमूर्ती, फुलं, घंटेचा आवाज. फोटो काढू देत नाहीत, ते बरंच आहे. आमच्या पुढे एक जैन कुटुंब होतं. ते हे शिखर नेमिनाथांची, म्हणजे त्यांच्या बाविसाव्या तीर्थंकरांची निर्वाणभूमी मानतात. तेही हात जोडून उभे, आम्हीही. हिने वाकून पादुकांवर डोकं टेकवलं. मी वाकलो. अर्धं मिनिट झालं असेल नसेल, कानाशी आवाज आला, "चलो, आगे चलो, आगे चलो."

एकतीस वर्षं हे मी लोकांना म्हणत आलो. मला कोणी म्हणायची ही पहिली वेळ. मी पुढे झालो. बाहेर येऊन पायरीवर बसलो आणि मला हसू आवरेना. हिला वाटलं रडतोय. थोडं तेही होतं.

कमंडलू कुंडाला जायचं तर पुन्हा खाली येऊन दुसऱ्या कमानीतून उतरायचं. गेलो. धुनीचं दर्शन घेतलं. सोमवारी तिथे पिंपळाची लाकडं रचतात आणि काडी न लावता ती पेटतात असं सांगतात. आमचा तो बुधवार होता, आणि पहिल्या खेपेच्या सोमवारी मी वर भिंतीला टेकून बसलेलो. म्हणून यावर मी काही बोलत नाही. न पाहिलेलं पाहिलं म्हणून सांगणं एकदा करून झालंय. तिथे प्रसादाचं जेवण मिळालं, ते मात्र सांगतो. गरम भात-आमटी. त्या उंचीवर धान्याचा प्रत्येक दाणा कोणाच्या तरी पाठीवरून येतो. हिने ताटात शीतही ठेवलं नाही, माझंही ताट तपासलं.

परत अंबामातेपर्यंत यायला तीन वाजून गेले. रोपवेच्या स्टेशनवर गर्दी, आणि गर्दीचा तो आवाज मी लांबूनच ओळखला. गाडी बंद पडली की स्टॉपवर असाच आवाज असतो. वाऱ्यामुळे रोपवे थांबवला होता. कधी सुरू होईल सांगता येत नाही. लोक हातातलं परतीचं तिकीट दाखवून वाद घालत होते. मला त्या खिडकीतल्या पोराची दया आली. वारा काय त्याने सोडलाय?

पाऊण तास थांबलो. मग हिने शूजची नाडी घट्ट केली. "पाच हजार म्हणजे आपला जिना किती वेळा?"

"साडेबारा वेळा."

"रोजच्या पाच होतात. तीन दिवसांचं एका दिवसात करू."

काठी आधी खाली, मग दुखरा पाय, मग दुसरा. त्या फिजिओथेरपीवाल्या मुलीने शिकवलं होतं तसंच, तिरकं वळून. जैन देवळांपाशी पोहोचलो तेव्हा ऊन कलत होतं. नेमिनाथांचं ते बाराव्या शतकातलं देऊळ, शेजारी वस्तुपालाने बांधलेलं, दगडावरची कोरीव कामं सोनेरी झालेली. इतर कुठे असतं तर अर्धा दिवस बघितलं असतं. आम्ही कठड्याला टेकून पाच मिनिटं बघितलं आणि निघालो, अंधाराची भीती होती. गिरनारच्या जंगलात सिंह आहेत, ही गोष्ट दिवसा कौतुकाची वाटते.

अंधार झाल्यावर हिने एक युक्ती काढली. आपल्या जिन्याचे मजले मोजायला लागली. "हा एकोणिसावा, मखर आलं... हा सोळावा, नाक दाबा... हा अकरावा, फोडणी आली का?" मी म्हणायचो, आली. चौथ्याला मी चपलांचं रॅक म्हणायचो. मग पुन्हा बाविसावा. असे किती वेळा त्या जिन्यावरून उतरलो कोण जाणे. खालच्या हनुमानापाशी पोहोचलो तेव्हा नऊ वाजायला आले होते. दोघंही शेवटच्या पायरीवर बसलो. उठायला समोरच्या चहावाल्याने हात दिला, आधी तिला, मग मला.

दुसऱ्या दिवशी पाय असे, की कॉटवरून उतरताना ओरडत होतो. रेल्वे रात्रीची. रिक्षा करून गावाच्या वाटेवर अशोकाचा शिलालेख आहे तो बघायला गेलो, तिथे पायऱ्या कमी म्हणून. एकाच प्रचंड खडकावर तीन राजांनी लिहून ठेवलंय. अशोकाच्या चौदा आज्ञा, मग इ.स. १५० मधला रुद्रदामनाचा लेख, मग स्कंदगुप्ताचा. तिथल्या एका शिकवणाऱ्या बाई मुलांना सांगत होत्या ते आम्ही मागे उभं राहून ऐकलं. चंद्रगुप्त मौर्याच्या वेळी इथे सुदर्शन नावाचं तळं बांधलं होतं. रुद्रदामनाच्या काळात भयंकर वादळ झालं, या डोंगरातल्या नद्यांना पूर आला, वाऱ्याने झाडं आणि कडे मोडले, आणि बांध फुटला. तो त्याने प्रजेवर कर न लादता, स्वतःच्या खजिन्यातून बांधून घेतला, आणि हे सगळं इथे कोरलं.

हिने सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे वारा जुनाच आहे."

ठाण्याला आलो. लिफ्टने वर गेलो, दोघंही जिन्याकडे बघायला तयार नव्हतो. अकराव्या मजल्यावरच्या वहिनी, फोडणीवाल्या, अंगारा घ्यायला आल्या. "झालं का हो दर्शन?"

"झालं की," ही म्हणाली, "यांचं पण झालं."

वहिनी म्हणाल्या, "यांचं तर मागेच झालं होतं ना?" हिने माझ्याकडे बघितलं आणि चहा ठेवायला आत गेली. मी वहिनींना सांगितलं सगळं, भिंतीपासून. त्यांचा यजमानांना घेऊन मार्चमध्ये जायचा विचार आहे, म्हणून वाटेची माहिती विचारायला आल्या होत्या. गोरक्ष शिखरापर्यंतची मी दिली. पुढची हिला विचारा म्हटलं, पुढे तीच पुढे होती.

काठ्या विकतच्या घेतल्या होत्या, त्या घेऊन आलोय. एकीने ही वरच्या दांडीवरचे कपडे काढते. दुसरी सतराव्या मजल्यावरच्या काकांनी मागून नेली. परवा दूध आणायला पहाटे बाहेर पडलो तर वॉचमन म्हणाला, "काका, वो सतरावाले अंकल के घर में भी कुछ हुआ क्या? सुबह से सीढ़ी पे घूम रहे हैं."